मूल जिथे आहे तिथून

‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालातले गणिताचे दोन आकडे डोळ्यांत खुपतात. ग्रामीण भारतात पाचवीत शिकणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे ३१ मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते. आठवीत हे प्रमाण ४६ च्या आसपास जाते, म्हणजे आणखी तीन वर्षे शाळेत काढूनही भर पडते ती जेमतेम पंधरा मुलांची. आठवीच्या दप्तरात घातांक असतात, बैजिक राशी असतात, आणि हे सगळे ज्या भागाकारावर उभे राहायचे, तोच निम्म्याहून अधिक मुलांना येत नाही.

हे बदलावे म्हणून धोरणे येतात, परिपत्रके निघतात, खरेदी होते, पुस्तके नवी होतात. पण त्यांच्या मुळाशी असलेल्या समजुती सहसा कुणी तपासत नाही. पालकसभेत, शिक्षकांच्या खोलीत आणि मंत्रालयातही त्या सारख्याच खात्रीने बोलल्या जातात. त्यांतल्या काही समजुती इथे पुराव्यासमोर ठेवतो आहे.

गैरसमज: काही मुलांच्या डोक्यात गणित शिरतच नाही

‘घरात कुणी शिकलेले नाही, या पोरांकडून काय अपेक्षा ठेवायची?’ हे वाक्य चांगल्या मनाचे शिक्षकही सहज बोलून जातात. या समजुतीने जितके नुकसान केले आहे, तितके कुठल्याही वाईट पुस्तकाने केले नसेल.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक म्हणून जात आणि मुद्दाम अडनिडे वजन मागत. वीस रुपये किलोचे बटाटे ८०० ग्रॅम, पंधरा रुपये किलोचे कांदे एक किलो चारशे ग्रॅम, आणि हातात दोनशेची नोट. किती झाले, परत किती? कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. जवळजवळ सगळी मुले हिशेब बरोबर सांगत. मग त्यांच्यासमोर शाळेत असतो तसा कागदावरचा भागाकार ठेवला, तेव्हा तो सोडवू शकणारी मुले साधारण एकतृतीयांश निघाली. शाळेत जाणाऱ्या आणि काम न करणाऱ्या ४७१ मुलांची गत उलटी होती. कागदावर ती बरी होती, पण बाजारातल्यासारखा तोंडी व्यवहार समोर आला की अडत होती.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे बाजारातल्या मुलांची रीत. ४३ रुपयांच्या अकरा वस्तू असतील, तर ती दहांचे ४३० धरतात आणि त्यात ४३ मिळवतात. हा वितरणाच्या गुणधर्माचा वापर आहे, तेच जे आपण सहावी-सातवीत फळ्यावर अक्षरे मांडून शिकवतो. मुलाकडे गणित आहे. शाळा ते ओळखत नाही, त्याला नाव देत नाही, आणि जे शाळा शिकवते त्याला बाजारात जागा नाही. आपल्या आठवडी बाजारात आईच्या शेजारी बसून मेथीच्या जुड्या विकणारी मुलगी सोमवारी वर्गात ‘कच्ची’ ठरते, तेव्हा तिच्यात काय कमी आहे हे शोधण्याआधी वर्गाने तिला काय विचारले, ते पाहायला हवे.

मुंबईत याची आणखी एक साक्ष आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे संस्थापक संचालक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून काही वर्षे नेमके साहाय्य दिले. त्यात भर होता तो भाषेवर आणि प्रश्न विचारण्याच्या सवयीवर. शालान्त परीक्षेत या मुलांनी जे करून दाखवले, त्याने जन्मजात कुवतीची भाषा खोटी ठरवली.

गैरसमज: दहावीचा निकाल वाढला, म्हणजे शिक्षण सुधारले

महाराष्ट्रात दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला. एका वर्षात राज्यातली मुले बारा टक्क्यांनी बिघडली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी सुधारली, असे घडत नसते. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. निकालाचा आकडा मुलांच्या समजुतीपेक्षा गुणदानाच्या रचनेबद्दल जास्त सांगतो.

शिखरावरच्या यशाचेही तसेच. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारताला चार सुवर्णपदके मिळाली आणि देश चौथा आला. त्या मुलांचा आणि त्यांना मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात घडवणाऱ्यांचा मला मनापासून अभिमान आहे. पण सहा मुलांचा संघ लाखो वर्गांची हालत सांगू शकत नाही, आणि धोरणाने त्या पदकांकडे बघून निश्चिंत होऊ नये.

गैरसमज: अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला की शिकवून झाले

आपल्या शाळांचे सगळे वेळापत्रक या समजुतीवर चालते. घटक नियोजन, पाठ टाचण, पहिल्या सत्रात इतके धडे, दुसऱ्या सत्रात तितके. तपासायला आलेले अधिकारी विचारतात, ‘कितवा धडा चालू आहे?’ मुले कुठवर पोचली आहेत, हा प्रश्न क्वचित येतो. तिसरीतच जे मूल मागे पडले, त्याच्यासाठी चौथीचे पुस्तक थांबत नाही, पाचवीचे तर नाहीच. दरवर्षी अंतर वाढते आणि शेवटी मूल वर्गात शांत बसायला शिकते.

मुंबईच्या वस्त्यांमधून यावर एक साधा उपाय उभा राहिला. नव्वदच्या दशकात ‘प्रथम’ या संस्थेने बालसखी ही कल्पना सुरू केली. वस्तीतलीच शिकलेली तरुणी, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले, शाळेच्या वेळेतले दोन तास. ही मुलगी मुलांना पुस्तकातल्या चालू धड्यावर आणत नसे. ज्याला अंकओळख नाही त्याला अंक, ज्याला हातच्याची वजाबाकी येत नाही त्याला ती. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ या काळात या कामाची काटेकोर चाचणी झाली. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, काहींत वेगळ्या इयत्तेला, आणि तुलना केली. बालसखी असलेल्या वर्गांतल्या मुलांचे गुण ठळकपणे वाढले, आणि सर्वाधिक फायदा झाला तो अगदी तळाच्या मुलांना. बालसखीकडे ना बी.एड. होते, ना मोठे मानधन. तिने फक्त मूल जिथे होते तिथून सुरुवात केली.

‘मग हुशार मुलांचे काय?’ असे पालक विचारतात. शंका रास्त आहे. पण आज वर्ग ज्या वेगाने चालतो, तो वर्गातल्या बहुसंख्य मुलांचा वेग नसतोच. पुस्तक लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेल्या मुलाचा असतो. दिवसातला एक तास पातळीनुसार गट केले, तर पुढे गेलेल्या मुलालाही त्या तासात खरे आव्हान मिळू शकते, जे आज त्याला शिकवणीत पैसे मोजून घ्यावे लागते.

गैरसमज: प्रयोगशाळा नाही, म्हणून विज्ञान नाही

अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. देशात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. पैसे शाळांकडे जावेत, याला कोण नको म्हणेल? पण ती खोली वेळापत्रकात नसेल, साहित्य मोडेल म्हणून कपाट बंद राहत असेल आणि परीक्षेत प्रयोगावर एकही खरा प्रश्न येत नसेल, तर थ्रीडी प्रिंटर असूनही विज्ञान पाठांतराचेच राहते.

याच्या उलट टोकाचा अनुभव शेजारच्या मध्य प्रदेशात आहे, आणि तो महाराष्ट्रात जितका माहीत असायला हवा तितका नाही. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. शाळा सरकारी, शिक्षक सरकारी, मुले शेतकऱ्यांची आणि मजुरांची. सहावी ते आठवीच्या मुलांनी प्रयोग स्वतः करायचे, निरीक्षणे वहीत लिहायची आणि निष्कर्षावर वर्गात भांडायचे. पाने गोळा करायची, त्यांच्या शिरांवरून गट पाडायचे, शेतातली कीड पाहायची. पुस्तकात उत्तरे छापलेली नसत. परीक्षेला पुस्तक सोबत नेता येई, आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा खरोखर होई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सुट्टीत येऊन शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून तेच प्रयोग करत. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२ मध्ये त्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे तो एक हजाराच्या आसपास शाळांत पोचला.

पुण्यात टेल्कोमध्ये काम करणारे अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले. गावच्या बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीतल्या काड्या यांतून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन, मनोरे जोडायला सुरुवात केली. चौकोन दाबला की वाकडा होतो आणि त्रिकोण होत नाही, हे सहावीतल्या मुलाच्या बोटांना कळते, तेव्हा पुलाच्या आणि मांडवाच्या कैच्या तशा का असतात, हे वेगळे सांगावे लागत नाही. पुढे पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांच्या हातात दिली.

मध्य प्रदेश सरकारने २००२ मध्ये होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे सरकारी शाळांत चाललेले काम एका निर्णयाने थांबले, याचे दुःख मला आजही होते. पण पुरावा मिटत नाही. विज्ञानाला आधी लागते ती प्रश्न विचारू देणारी परीक्षा आणि स्वतः प्रयोग केलेला शिक्षक. खोली आणि यंत्रे त्यानंतर.

गैरसमज: गणित-विज्ञान लवकर इंग्रजीतून शिकले, की पुढे सोपे जाते

सेमी-इंग्रजीच्या वर्गांसाठी पालक रांगा लावतात. त्यांची काळजी खरी आहे. अकरावी विज्ञानाला गेलेल्या मराठी माध्यमाच्या मुलाची पहिल्या सहामाहीत कशी दमछाक होते, ते त्यांनी आसपास पाहिलेले असते.

म्हणून मलेशियाचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. तिथे २००३ पासून शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचे धोरण आले, अगदी पहिलीपासून. हेतू तोच: जागतिक ज्ञानाशी थेट संबंध. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, लॅपटॉप दिले, पैसा ओतला. ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत मलेशियाच्या आठवीच्या मुलांचे गणितातले सरासरी गुण २००३ मध्ये ५०८ होते, २००७ मध्ये ४७४ आणि २०११ मध्ये ४४० झाले. विज्ञानात ५१० वरून ४२६. या घसरणीची सगळी जबाबदारी भाषेवर टाकता येणार नाही, इतर कारणेही असतील. पण इंग्रजीने गणित-विज्ञान सुधारेल ही अपेक्षा खरी ठरली नाही, एवढे निश्चित. सर्वाधिक हाल झाले ते खेड्यांतल्या मुलांचे. सरकारने २००९ मध्ये धोरण मागे घ्यायचे ठरवले.

मात्र मराठी माध्यम घेतले म्हणजे भाषेचा प्रश्न सुटला, असे समजणे हाही गैरसमजच. कुलकर्णींच्या गटाने १९८० च्या सुमारास हेच दाखवून दिले. विज्ञानाचा आशय तसाच ठेवून त्यांनी पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली. तेवढ्याने मुलांचे गुण वाढले आणि गप्प बसणारी मुले वर्गात बोलू लागली. उघडा ठेवलेला कापूर वितळत नाही, तो थेट हवेत जातो, हे सांगून झाल्यावर ‘संप्लवन’ हा शब्द आला तर तो राहतो. संज्ञेच्या व्याख्येने धडा सुरू झाला, तर मराठी मूलही परक्या भाषेत बसल्यासारखे बसते. मेळघाटातल्या कोरकू मुलासाठी किंवा नंदुरबारच्या भिल्ली बोलणाऱ्या मुलीसाठी तर पुस्तकातली मराठी हीच पहिली परकी भाषा. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते, पण त्या घरांमधली भाषा कोणती, हे शाळेत कुणीतरी ऐकून घ्यावे लागेल.

मग अकरावीच्या दमछाकीचे काय? तिच्यावर उपाय इंग्रजी विषय चांगला शिकवण्यात आहे, आणि नववी-दहावीत मराठी संज्ञेबरोबर इंग्रजी संज्ञाही सवयीच्या करण्यात आहे. भागाकार आणि परकी भाषा यांचा डोंगर सात वर्षांच्या मुलाला एकाच वेळी चढायला लावण्यात नाही.

गैरसमज: ‘वीस सात’ म्हटल्याने गणित आणि मराठी दोन्ही बुडतील

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून मोठे वादळ उठले. विधिमंडळात चर्चा झाली, समाजमाध्यमांवर टवाळी झाली. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील गणित समितीने ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असेही वाचायला दिले होते. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती.

अडचण खरी आहे. ‘त्रेचाळीस’ ऐकताना मुलाला आधी तीन ऐकू येतात, मग चाळीस. लिहायचे मात्र आधी चार, मग तीन. म्हणून कितीतरी मुले ३४ लिहून मोकळी होतात. जर्मन बोलणाऱ्या मुलांतही अशा उलट्या क्रमाच्या चुका संशोधकांना आढळल्या आहेत, कारण तिथेही एकक आधी बोलतात. त्यात आपल्याकडे एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ. नाव पुढच्या दशकाचे आणि दशक मागचे. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी येते. ‘चाळीस तीन’ ही त्रेचाळीसपर्यंत पोचायची पायरी होती. मूल वर चढले की ती मागे राहते. ज्या मुलाच्या घरी रोज आकडे बोलले जातात, त्याला तिची गरज नव्हती, आणि टीका करणारे आपण बहुतेक त्याच घरांतले होतो.

गैरसमज: नापासाची भीती घातली की मुले अभ्यास करतील

शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मुलांना मागे ठेवता येते, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो मार्ग धरला. ढकलगाडी चुकीची होती, हे मान्य. पण मागे ठेवलेल्या मुलाला तेच पुस्तक, तोच वेग आणि तीच पद्धत पुन्हा मिळाली, तर दुसऱ्या खेपेला वेगळे काय घडेल? दुसऱ्या टोकाला, २०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातून अशी तरतूद पुढे आली, की दहावीत गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी, पुढे ते विषय घेता येणार नाहीत अशा शेऱ्यासह मुलाला अकरावीला जाता यावे. नापासाच्या शिक्क्यापासून मूल वाचते, हे चांगलेच. पण दोन्ही उपाय परीक्षेच्या दारात उभे आहेत, आणि गणित सुटले ते तिसरीच्या वर्गात.

गैरसमज: प्रत्येक मुलाला टॅब दिला की प्रश्न सुटेल

पेरू देशाने खेड्यांतल्या मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये आलेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. वडोदऱ्यात मात्र आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ संगणकावर दिले, तेव्हा गणित सुधारले. दिल्लीत प्रत्येक मुलाच्या पातळीनुसार प्रश्न बदलणाऱ्या प्रणालीनेही साडेचार महिन्यांत मोठी सुधारणा दाखवली. फरक यंत्राचा नव्हता. ते मुलाला त्याच्या इयत्तेचे विचारत होते की त्याच्या पातळीचे, यावर सगळे ठरले.

गैरसमज: शिक्षकांना प्रशिक्षण दिले की वर्ग बदलतो

पातळीनुसार शिकवण्याची पद्धत सरकारी शाळांत नेण्याचे प्रयोग वेगवेगळ्या राज्यांत झाले आणि त्यांचे निकाल धोरणकर्त्यांनी भिंतीवर लावावेत असे आहेत. बिहारमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण दिले, साहित्य दिले. शाळा चालू असताना त्याचा परिणाम दिसला नाही, कारण वर्गात परतल्यावर पुस्तक पूर्ण करायचे ओझे तसेच होते. त्याच बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरांत ही पद्धत वापरली, तेव्हा मुले पुढे गेली. हरियाणात वेळापत्रकात रोज वेगळा तास राखून ठेवला आणि केंद्रप्रमुखांसारख्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन मदत केली, तेव्हा भाषेत सुधारणा झाली, गणितात नाही. उत्तर प्रदेशात काही दिवसांच्या सलग शिबिरांतल्या मुलांनी भाषा आणि गणित दोन्हीत मोठी झेप घेतली.

म्हणजे प्रशिक्षण वाया जात नाही, पण त्याला तास लागतो. तो तास आपल्याकडे कुठे आहे? जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी ऑनलाइन माहिती भरण्यात आणि दुसऱ्या बाई पोषण आहाराच्या नोंदींत गुंतलेल्या असतात. निवडणूक आली की मतदार याद्या. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत गणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंतचे ठरवले. उद्दिष्ट योग्य आहे. महाराष्ट्राने ते गंभीरपणे घ्यायचे असेल, तर दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक वर्गात गणितासाठी रोज एक तास असा हवा, ज्यात इयत्तेचे पुस्तक बंद राहील, मुले पातळीनुसार बसतील आणि त्या तासात शिक्षकाला कुठलाही अर्ज, यादी किंवा बैठक बोलावून नेणार नाही. केंद्रप्रमुखाने शाळेत आल्यावर धड्याचा क्रमांक विचारू नये. कुठल्याही तीन मुलांना जवळ बसवून त्यांना हातच्याची वजाबाकी करून दाखवायला सांगावी, आणि ज्याला येत नाही त्याला ती शिकवायला शिक्षकाबरोबर तिथेच बसावे.